दाताचे माप आणि फूरियेची लहर

दाताला कॅप बसवून घेतलेल्यांना तो गुलाबी लगदा नक्की आठवत असेल. डॉक्टर तो ट्रेमध्ये भरून तोंडात दाबून धरायचे आणि घट्ट होईपर्यंत आपण नाकाने श्वास घेत, उमळ आवरत, छताकडे बघत बसायचो. आता बऱ्याच दवाखान्यांत त्याऐवजी जाडसर टूथब्रशसारखी एक कांडी तोंडात फिरवतात आणि शेजारच्या पडद्यावर दातांचे त्रिमितीय चित्र उमटत जाते. अशा काही कांड्या दातांवर प्रकाशाचे पट्टे टाकतात. हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर इतरत्रही चालते. कणा वाकलेल्या मुलांची पाठ मोजायला, कृत्रिम पायाचा सॉकेट घडवायला, रेडिएशन देताना रुग्णाची छाती श्वासागणिक किती हलते ते पाहायला. त्वचेला हात लावायचा नाही, क्ष-किरणही नाहीत. नुसता प्रकाश.

तत्त्व साधे आहे. संध्याकाळी खिडकीच्या गजांची सावली तिरपी घरात येते. फरशीवर ती सरळ पडते, पण वाटेत पलंग किंवा उशी आली की मोडते, वाकते. सावली किती सरकली हे मोजले आणि उन्हाचा कोन माहीत असला, तर उशी किती उंच आहे हे सांगता येते. यंत्रात गजांच्या जागी प्रोजेक्टर असतो आणि बघायला एका बाजूने कॅमेरा. पट्टे मात्र गजांच्या सावलीसारखे कडक काठांचे नसतात. उजेड हळूहळू वाढतो, हळूहळू कमी होतो, पुन्हा वाढतो, पाण्यावरच्या शांत लहरीसारखा. यालाच साइन लहर म्हणतात. कडक पट्ट्यात फक्त काठ कुठे आहे एवढेच कळते. मऊ पट्ट्यात प्रत्येक ठिपका आपण लहरीत नेमके कुठे आहोत, चढणीवर, माथ्यावर की उतारावर, हे स्वतःच सांगतो. त्यामुळे पट्टा २ मिलिमीटर रुंद असला तरी त्याच्या शंभराव्या भागापर्यंत जागा ओळखता येते.

निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात पूर्वी कुणी अगदी सपाट पांढरी फळी अशा यंत्रासमोर ठेवली, की पडद्यावर अनेकदा पन्हळी पत्रा दिसे. उंचवटे बारीक, पण अगदी नियमित. फळीवर नसलेल्या या पन्हळी कुठून येतात आणि त्या घालवायच्या कशा, हा या मोजमापातला कळीचा प्रश्न होता. कॅप केसभर उंच बसली तरी प्रत्येक घासाला जाणवते, म्हणजे तो प्रश्न नुसता प्रयोगशाळेतला नव्हता. त्याच्या उत्तराची मुळे १८३० साली वारलेल्या, प्रोजेक्टर कधी पाहण्याची शक्यताच नसलेल्या एका फ्रेंच माणसाच्या कामात आहेत. लोखंडाच्या कड्यातून उष्णता कशी पसरते, एवढाच त्याचा प्रश्न होता.

जोसेफ फूरियेचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर गावात झाला. बाप शिंपी, घरात मुलांची रांग. हा दहा वर्षांचा होईतो आईही गेली आणि बापही. गावातल्या भल्या लोकांनी त्याला बेनेडिक्टाइन साधू चालवत असलेल्या सैनिकी शाळेत घातले. तिथे त्याला गणिताचे वेड लागले. दिवसा वेळ पुरेना, म्हणून जळून उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे गोळा करून तो रात्री चोरून अभ्यास करी, अशी हकीकत त्याच्या चरित्रात हमखास येते. उत्तर फ्रान्समधली थंडी, निजलेली शाळा, मेणबत्तीचा तुकडा आणि बेझूच्या गणिताचे जाडजूड खंड असे ते चित्र आहे. पुढे आयुष्यभर त्याला थंडी बाधली, त्याची सुरुवात या रात्रींतच शोधायचा मोह होतो. पण तो मोहच.

त्याला तोफखान्यात जायचे होते. तिथे गणिताला मान होता. पण अधिकारी व्हायला उमराव घराण्यात जन्मावे लागे, शिंप्याच्या पोराला दार बंद. मग तो मठात गेला. १७८७ पासून दोन वर्षे त्याने उमेदवारी केली, पण दीक्षेची शपथ घेण्याआधीच १७८९ ची क्रांती आली आणि तो बाहेर पडला. ज्या शाळेत शिकला तिथेच मास्तर झाला. क्रांतीच्या स्थानिक समितीतही शिरला. क्रांतीने आपल्यासारख्यांना दार उघडून दिले असे त्याला मनापासून वाटत होते, आणि ते खोटेही नव्हते. पण ओर्लेआँ शहरात त्याने काही लोकांची बाजू घेतली, ती तिथल्या कडव्या गटाला खुपली. १७९४ च्या जुलैमध्ये तो तुरुंगात होता, समोर गिलोटिन दिसत होते. त्याच महिन्याच्या अखेरीस रोबेस्पिएरचेच डोके उडाले आणि फूरिये सुटला. दुसऱ्या वर्षी त्याला पुन्हा अटक झाली, या वेळी नेमक्या उलट आरोपावरून, म्हणजे कडव्यांना सामील होता म्हणून. तेव्हाच्या फ्रान्समध्ये मधल्या माणसाचे हे असे होते.

या दोन अटकांच्या मधल्या काळात त्याला पॅरिसच्या नव्या शिक्षक-विद्यालयात प्रवेश मिळाला. शिकवायला लाग्रांज, लाप्लास, माँज. त्या काळी गणितात याहून मोठी नावे नव्हती. फूरिये त्यांच्या नजरेत भरला, लगेच पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागला आणि १७९७ मध्ये खुद्द लाग्रांजच्या जागेवर नेमला गेला. सरळ रेघेत जाणारे आयुष्य असते तर गोष्ट इथून पुढे कंटाळवाणी झाली असती. पण १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तवर निघाला तेव्हा तोफांबरोबर विद्वानांचीही फौज घेऊन गेला. त्यात फूरिये होता. कैरोमध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा तो चिटणीस झाला, कारभार सांभाळला, वाटाघाटी केल्या. १८०१ मध्ये परतला तो वाळवंटी उन्हाची चटक आणि बिघडलेली प्रकृती घेऊन.

त्याला परत शिकवायचे होते. नेपोलियनने मात्र त्याला १८०२ मध्ये इझेर जिल्ह्याचा प्रीफेक्ट करून ग्रनोबलला धाडले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर जिल्ह्याचा कलेक्टर. आल्प्सच्या पायथ्याचा, पॅरिसपासून लांब असलेला हा जिल्हा, आणि फाइलींचे ढीग. इटलीतल्या तुरीनकडे जाणारा डोंगरातला रस्ता त्याने आखून घेतला. आरोग्याच्या दृष्टीने त्याचे सर्वांत मोठे काम म्हणजे बुर्ग्वांची दलदल. हा प्रचंड चिखलपट्टा दरवर्षी आजूबाजूच्या गावांना ताप द्यायचा. हिवताप डासांमुळे होतो हे कळायला अजून ऐंशी-नव्वद वर्षे होती, दोष कुबट हवेला दिला जाई. पाणी काढून टाकले की ताप कमी होतो एवढे मात्र सगळ्यांना दिसत होते. तरी काम पिढ्यान् पिढ्या अडून राहिलेले, कारण दलदलीच्या भोवती डझनावारी गावे आणि प्रत्येकाला वाटे की आपले चराऊ रान जाईल. फूरियेने हुकूम काढला नाही. तो गावोगाव बसला, एकेकाशी बोलला, सर्वांच्या सह्या मिळवल्या आणि मगच चर खणायला घेतले. गणितातल्या नावाखाली हे काम झाकले जाते, पण त्या भागातल्या किती घरांत तापाची पाळी चुकली असेल याचा विचार केला तर ते झाकायला नको.

या कारभाराच्या उरल्यासुरल्या वेळात तो लोखंडाचे कडे तापवत होता.

कड्याचा प्रयोग बघण्यासारखा आहे. लोखंडाचे गुळगुळीत कडे घ्यायचे, त्यात ठरावीक अंतरांवर भोके पाडून थर्मामीटर बसवायचे. कडे एका बाजूला तापवायचे आणि आग काढून घ्यायची. सुरुवातीला एक बाजू कढत आणि दुसरी गार, मधला उतार वेडावाकडा. फूरियेने बघितले की हा वेडेवाकडेपणा लवकरच नाहीसा होतो. थोड्या वेळाने कड्याभोवतीचे तापमान एकाच साध्या लहरीत चढते आणि उतरते, आणि मग तीही लहर सावकाश विरते. असे का?

त्याचे उत्तर असे की सुरुवातीचा तो वेडावाकडा आकार म्हणजे अनेक शुद्ध लहरींची बेरीज असते. एक लहर कड्याभोवती एकदा वर-खाली जाणारी, दुसरी दोनदा, तिसरी तीनदा, अशी न संपणारी रांग. आकार कुठलाही असो, योग्य मापाच्या लहरी घेऊन तो बांधता येतो. संगीत ऐकणाऱ्यांना हे पटायला वेळ लागू नये. तंबोऱ्याची खर्जाची तार एकच, पण कान दिला तर तिच्यात पंचम असतो आणि न छेडलेला गंधारही. मूळ कंपनाच्या तिप्पट आणि पाचपट कंपने त्याच तारेत दडलेली असतात. फूरियेने त्याहून पुढचे सांगितले. प्रत्येक लहर आपापल्या गतीने विरते आणि ही गती लहरीच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढते. दुसरी लहर पहिलीच्या चौपट वेगाने मरते, तिसरी नऊपट, पाचवी पंचवीसपट. बारीक सुरकुत्या आधी जातात आणि मोठी लाट शेवटपर्यंत राहते. हे वाक्य लक्षात ठेवा, दवाखान्यातल्या प्रोजेक्टरपाशी ते पुन्हा लागणार आहे.

२१ डिसेंबर १८०७ रोजी त्याचा प्रबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे आला. तपासायला लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्रुआ. लाग्रांजने साफ विरोध केला. तंतूच्या कंपनांवरून पन्नास वर्षांपूर्वी झालेल्या वादात त्याने अशा लहरींच्या बेरजांवर अविश्वास दाखवला होता आणि म्हातारपणी तो मत बदलणाऱ्यांतला नव्हता. मऊ, गोलसर लहरी कितीही मिळवल्या तरी त्यातून कोपरा कसा तयार होईल, काटकोनी पायरी कशी उभी राहील, असा आक्षेप. फूरियेने प्रबंधात नेमके तेच करून दाखवले होते. एका पट्ट्यात एकच किंमत, पुढच्या पट्ट्यात एकदम उलट किंमत, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखा चौकोनी आकार. तो कसा बांधायचा? पहिली लहर पूर्ण, मग तिसरी एक तृतीयांश, पाचवी एक पंचमांश, वजा-अधिक चिन्हे आलटूनपालटून. विषम लहरींचीच रांग.

परीक्षक चुकले असे सहज म्हणून टाकण्यात मात्र अर्थ नाही. फूरियेची सिद्धता खरेच अपुरी होती. बेरीज कधी बसते आणि कधी नाही याची तर्कशुद्ध अट १८२९ मध्ये डिरिक्ले या जर्मन तरुणाने घालून दिली. फूरियेकडे प्रयोग होता, आकडे होते, जबरदस्त अंतःप्रेरणा होती. सभेने मग त्याच विषयावर बक्षीस जाहीर केले, फूरियेने १८११ मध्ये वाढवलेला प्रबंध पाठवला, तो जिंकला आणि तरीही परीक्षकांनी मांडणी पुरेशी काटेकोर नाही असा शेरा मारून तो छापायचे टाळले. बक्षीसही द्यायचे आणि चिमटाही काढायचा. त्याने हार मानली नाही. ग्रनोबलच्या फाइलींमधून वेळ काढून काम ग्रंथरूपाला आणत राहिला. उष्णतेवरचा तो ग्रंथ १८२२ मध्ये निघाला. पहिल्या प्रबंधापासून पंधराव्या वर्षी.

दरम्यान राजकारणाने त्याला दोन-तीनदा तोंडघशी पाडले. १८१५ मध्ये एल्बा बेटावरून सुटलेला नेपोलियन नेमका ग्रनोबलवरून पॅरिसला निघाला. राजाचा नोकर म्हणून फूरिये शहर सोडून गेला. नेपोलियन आधी भडकला, मग त्यानेच त्याला ऱ्होन जिल्ह्याचा प्रीफेक्ट केले. फूरियेने लवकरच ते पद सोडले. नेपोलियन पडल्यावर राजाच्या लेखी तो नेपोलियनचा माणूस ठरला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर नोकरी नाही, निवृत्तिवेतन नाही. एक जुना विद्यार्थी, शाब्रोल, पॅरिसच्या जिल्ह्याचा प्रीफेक्ट होता. त्याने गुरुजींना सांख्यिकी कचेरीत बसवले. १८१६ मध्ये विज्ञान अकादमीने निवडले तर राजाने नाव खोडले. पुढच्या वर्षी पुन्हा निवडले तेव्हा मान्य करावे लागले, आणि १८२२ मध्ये तो अकादमीचा कायम चिटणीस झाला.

सांख्यिकी कचेरीतली नोकरी म्हणजे अडगळ, असे समजू नये. तिथे त्याने पॅरिसच्या जन्ममृत्यूंच्या नोंदींबरोबरच एका वेगळ्या प्रश्नावर लिहिले. एकच गोष्ट अनेकदा मोजली आणि सरासरी काढली तर त्या सरासरीवर किती भरवसा ठेवायचा? मोजमापे चौपट केली की चूक निम्मी होते, चौथाई नाही, हा हिशेब. आजही कुठलेही यंत्र एका ठिपक्याचे अनेक फोटो घेऊन सरासरी काढते तेव्हा हेच गणित लागू होते.

आता पन्हळी पत्र्याकडे येऊ. प्रोजेक्टर बनवले गेले ते चित्र दाखवायला, मोजायला नव्हे. त्याला निम्म्या उजेडाचा आकडा दिला तर तो निम्मा उजेड देत नाही, साधारण पाचवा हिस्सा देतो. डोळ्याला चित्र छान दिसावे म्हणून ही सोय असते. पण मापासाठी पाठवलेली शुद्ध लहर त्यामुळे बिघडते. दरी पसरट होते आणि माथा टोकदार. फूरियेच्या नजरेने पाहिले तर ती आता एकटी लहर राहिलेली नाही. तिच्यात दुप्पट, तिप्पट वारंवारतेच्या आगंतुक लहरी मिसळल्या आहेत, न छेडलेल्या गंधारासारख्या. यंत्र मात्र शुद्ध लहर समजूनच हिशेब करते आणि त्या आगंतुकांनाच उंचवटा समजते. पन्हळी येतात त्या इथून.

उपाय कोणते? बरेच आहेत, त्यातले तीन पाहू. एका ठिपक्याचा उजेड तीन गोष्टींवर ठरतो. खोलीतला उजेड किती, त्या जागी त्वचा गोरी की सावळी, आणि लहरीतले स्थान कोणते. तीन अज्ञात, म्हणून किमान तीन फोटो, दर वेळी पट्टे एक तृतीयांश सरकवून. पण तीनच फोटो घेतले तर दुपटीची आगंतुक लहर मूळ लहरीचे सोंग घेऊन आत शिरते. सिनेमात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते ना, तसाच प्रकार. दुपटीची लहर दोन तृतीयांश पुढे सरकते आणि एक तृतीयांश मागे सरकल्यासारखी भासते. चार फोटो घेतले की दुपटीची पकडली जाते, मग तिपटीची सोंग घेते. पाच घेतले की तीही पकडली जाते. पायरीगणिक भामटा अधिक वरच्या क्रमांकाचा आणि म्हणून सहसा अधिक दुबळा असतो. दुसरा उपाय म्हणजे प्रोजेक्टर किती खोटे बोलतो ते आधी मोजून घ्यायचे आणि त्याला उलट्या बाजूने खोटी लहर पाठवायची, म्हणजे बाहेर पडताना ती खरी होते.

तिसरा उपाय मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात खुद्द कडे परत येते. प्रोजेक्टरला फक्त काळे आणि पांढरे पट्टे द्यायचे. मधल्या छटाच नाहीत, म्हणजे छटांबाबत खोटे बोलायचा प्रश्नच नाही. आणि भिंग मुद्दाम जरा फोकसबाहेर ठेवायचे. काठ धूसर होतात आणि पट्टे लहरीसारखे मऊ होतात. भिंगाचे धूसर होणे हे गणिताच्या दृष्टीने जवळजवळ कड्यातली उष्णता पसरण्यासारखेच आहे, आणि काळे-पांढरे पट्टे म्हणजे लाग्रांजला न पटलेला तोच चौकोनी आकार. पहिली लहर ८० टक्के उरेपर्यंत धूसर केले, तर नऊपट वेगाने मरणारी तिसरी लहर मूळच्या १३ टक्केच उरते आणि पाचवी अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आगंतुक आपोआप गेले. अर्थात फुकट काही मिळत नाही. फार धूसर केले तर पट्टे फिके पडून कॅमेऱ्याला दिसेनासे होतात आणि वस्तू फोकसच्या जवळ आली तर तिसरी लहर पुन्हा डोके वर काढते.

छातीसारखी हलणारी वस्तू असेल तर मात्र चार फोटोंपर्यंत श्वास थांबत नाही. १९८२ मध्ये मित्सुओ ताकेदा या जपानी शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह दाखवले की एकाच फोटोत भागू शकते. फोटो फूरियेच्या पद्धतीने लहरींत फोडायचा. खोलीतल्या उजेडाच्या आणि त्वचेच्या छटा हळू बदलतात, त्या खालच्या क्रमांकांत गोळा होतात, पट्ट्यांची लहर आपल्या क्रमांकाभोवती. तेवढीच उचलायची, बाकी टाकून द्यायचे आणि उलटे गणित करून उंची काढायची. लहरींत फोडण्याचे हे काम संगणकावर झटपट करायची रीत १९६५ पासून सर्वत्र पसरलेली होतीच. अडचण एकच. दाताच्या तीक्ष्ण कडेसारखी एकदम उंची बदलणारी जागा आली की तिच्या लहरी सगळ्या क्रमांकांत पसरतात आणि उजेडाच्या लहरींत मिसळून जातात. म्हणून दात आणि हाड मोजताना अनेक फोटो, श्वास मोजताना एक. आधी १९७० मध्ये ताकासाकीने जाळीच्या सावल्यांतून शरीराचे नकाशे काढायची रीत मांडली होती. पुढे जपानमधल्या शाळांत मुलांचा कणा तपासायला अशीच छायाचित्रे वापरली गेली.

फूरियेच्या शेवटच्या वर्षांकडे वळू. अकादमीत त्याने सोफी झेर्मेनला, म्हणजे स्त्री म्हणून विद्वानांच्या सभेत मज्जाव असलेल्या गणितीला, बैठकांना बसता यावे अशी व्यवस्था केली. १८२४ मध्ये पृथ्वीच्या तापमानावर लिहिताना त्याने मांडले की सूर्याचा प्रकाश हवेतून सहज आत येतो, पण जमिनीतून परतणारी उष्णता तितक्या सहज निसटत नाही. आज ज्याला हरितगृह परिणाम म्हणतात, त्याचा हा पहिला धागा.

प्रकृती मात्र ढासळत होती. इजिप्तहून आल्यापासून त्याला थंडी सोसत नसे. उन्हाळ्यातही लोकरीचे कपडे, खोल्या भट्टीसारख्या तापवलेल्या, आणि आलेल्या पाहुण्याला घामाच्या धारा. थायरॉइड ग्रंथी मंदावल्याचे हे लक्षण असावे, असा अंदाज नंतरच्या काही अभ्यासकांनी केला आहे. कारण नसताना सतत गारठा, सुस्ती, सूज असेल तर आज साधी रक्ततपासणी सांगून टाकते आणि रोजच्या एका गोळीने भागते. त्याला ते शक्य नव्हते. श्वासही कोंडू लागला, आडवे पडणे अवघड झाले. १८३० च्या मे महिन्यात तो जिन्यावरून पडला आणि १६ मे रोजी पॅरिसमध्ये वारला.

एक गोष्ट टोचत राहते. त्याच वर्षी अठरा वर्षांच्या एव्हारिस्त गाल्वाने आपला प्रबंध अकादमीच्या बक्षिसासाठी दिला होता. चिटणीस म्हणून फूरिये तो वाचायला घरी घेऊन गेला आणि मेला. त्याच्या कागदपत्रांत तो प्रबंध सापडला नाही. स्वतःचा प्रबंध पंधरा वर्षे अडकलेल्या माणसाच्या घरी दुसऱ्या एका तरुणाचे काम हरवावे, यात त्याचा दोष नसेल, पण गाल्वाला ते कसे वाटले असेल याचा अंदाज करता येतो. दोन वर्षांनी द्वंद्वयुद्धात तो गेला.

पॅरिसच्या आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत फूरियेचे नाव आहे. ओसेरच्या लोकांनी १८४९ मध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला होता. दुसऱ्या महायुद्धात धातूसाठी तो वितळवला गेला. पट्टे टाकून त्याचे माप घेऊन ठेवायला तेव्हा यंत्र नव्हते.